सख्खे मामा किती?

पायाचं माप घेण्याआधी मी मुलाच्या आईला एक प्रश्न विचारतो. "याला मामा किती?"

लोक गोंधळतात. मुलाच्या पायासाठी कॅलिपर करायला आलोय, इथे मामाचा काय संबंध? डोंबिवलीच्या एका आजोबांनी तर मला तोंडावर विचारलं होतं, "सावंत, तुम्ही बूट बनवता की सोयरिकी जमवता?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न सोडला नाही. मामा किती, त्यातले सख्खे किती, हयात किती, आणि जे नाहीत ते कोणत्या वयात गेले. एवढं कळल्याशिवाय मी प्लास्टरच्या पट्टीला हात लावत नाही.

या वर्षी हा प्रश्न माझ्याच घरी आला. माझी भाची प्राजक्ता, वर्तकनगरच्या माझ्या मोठ्या बहिणीची एकुलती एक मुलगी, मला म्हणाली, "मामा, माझे मामा दोन होते ना? तू आणि अवधूतमामा. त्याला जे झालेलं, ते माझ्यात आहे का?" तिचं लग्न झालंय, तिला मूल हवंय, आणि त्याआधी तिला हे कळायला हवं होतं. त्यासाठी तिच्या आईचं रक्त तपासावं लागणार होतं. आणि माझी ताई रक्त द्यायला तयार नव्हती.

दिवाळी अंकासाठी कामातले अनुभव लिहा, असा निरोप आला तो नेमका याच दिवसांत. गमतीचे प्रसंग आहेत माझ्याकडे, थोडे सांगीनही. पण लिहायला बसलो की मन ताईपाशी जातं. वाचकांनी समजून घ्यावं.

आमचं दुकान कल्याण पश्चिमेला आहे. दुकान म्हणजे पुढे चार खुर्च्या आणि दोन समांतर दांड्या, ज्यांना धरून माणूस चालून बघतो. मागे भट्टी, घासायचं मशीन आणि जिथे तिथे प्लास्टरची पांढरी धूळ. ज्या पायात जोर नाही त्याला बाहेरून दिलेला आधार म्हणजे कॅलिपर. पूर्वी लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जड बूट असं ते असायचं. आता पायावर ओलं प्लास्टर गुंडाळून साचा काढतात, त्या साच्यावर भट्टीत मऊ केलेलं प्लास्टिक ओढतात. हलकं होतं, पँटच्या आत लपतं.

हलकं सगळ्यांना आवडतंच असं नाही. चौधरीकाका म्हणून माझे एक जुने गिऱ्हाईक होते. लहानपणी पोलिओ झालेला, जन्मभर लोखंडी कॅलिपर वापरलेलं. मी त्यांना मोठ्या हौसेने प्लास्टिकचं करून दिलं. आठवड्यात परत आले.

"आवाज येत नाही याला."

"मग चांगलंच ना, काका?"

"चांगलं कसलं? मी जिन्यात आलो की आमची ही आवाज ऐकून चहा ठेवायची. आता मी दारात उभा आणि गॅस बंद. एवढ्या वर्षांचा संसार, कधी बेल वाजवली नाही मी. आता पाहुण्यासारखी वाजवू?"

मी टाचेखाली लोखंडाचा एक तुकडा बसवून दिला. चालून बघितलं, टक टक आवाज आला, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.

चौधरीकाका गेले. त्यांच्या पिढीचे पोलिओवाले आता थोडेच उरलेत, आणि नवे येत नाहीत. आपलं गिऱ्हाईक संपलं म्हणून आनंद व्हावा असे धंदे फार नसतील. आमचा त्यातला एक. पण एक गिऱ्हाईक संपत नाही, आणि ते नेहमी मुलगेच असतात.

आजाराचं डॉक्टरी नाव डुशेन. स्नायू झिजत जातात. मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. मग ते पडायला लागतं. जमिनीवरून उठताना आधी ओणवं होतं, हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर ठेवत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. पोटऱ्या मात्र जाड होतात. नववं, दहावं, अकरावं वर्ष, आणि केव्हातरी चालणं थांबतं. आमच्या कॅलिपरमुळे मूल आणखी वर्ष-दोन वर्षं उभं राहू शकतं, इतकंच. पुढे पाठीला आधार, चाकाची खुर्ची. मग ते येईनासं होतं. का येत नाही, हे मी सुरुवातीला फोन करून विचारायचो. आता विचारत नाही.

दिव्याहून ओंकार नावाचा मुलगा आला होता. सोबत आई मनीषा आणि आजोबा. आजोबा साताऱ्याकडचे, तरुणपणी तालमीत घुमलेले. त्यांनी नातवाची हाफपँट वर करून मला पोटऱ्या दाखवल्या.

"बघा. सहा वर्षांच्या पोराच्या असल्या पोटऱ्या बघितल्यात का? आमच्याकडं असलं पोरगं लोक दुरून बघाय येतील. आता वजनानं पडतंय जरा. तुम्ही बूट घट्ट द्या, बाकी मी बघतो."

मनीषा खाली बघत होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, सासऱ्यांना सांगायचं धाडस तिला झालं नव्हतं. मी तिला मामाचं विचारलं. उत्तर आजोबांनीच दिलं. "आहे की, दत्तामामा. जावळ त्याच्याच मांडीवर काढलं. चांगला हातगाडी ओढतोय."

मामा धडधाकट आहे म्हटल्यावर मला बरं वाटलं. मनीषाला मी म्हणालो, "तुमच्या माहेरी नाही दिसत हे. नशिबाने एखाद्यालाच होतं." ती डोळे पुसत हो म्हणाली. तिच्या पोटात तेव्हा दुसरं बाळ होतं.

पुढे कळलं, दत्तामामा मानलेला होता. मनीषाचा सख्खा भाऊ पंधराव्या वर्षी अंथरुणात गेला होता. आपल्याकडे जावळाला मामाची मांडी लागते, लग्नात नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. जिथे मामा नाही तिथे शेजारचा, वाडीतला कुणीतरी उभा करतात, त्याला टोपी-उपरणं देतात, आणि मग तो जन्मभर मामाच. माणुसकीची रीत आहे ती. घराला पडलेलं भोक चारचौघांत दिसू नये म्हणून. पण ते इतकं छान बुजवतात की पुढे घरातल्यांनाही भोक आठवत नाही. मनीषाने ते लपवलं नव्हतं. तिच्या लेखी दत्तामामा हाच मामा होता. ओंकारचा धाकटा भाऊही पुढे माझ्याकडे मापाला आला.

तेव्हापासून मी "सख्खे" हा शब्द घालून विचारतो.

हे मुलग्यांनाच का होतं, ते मला बरीच वर्षं नीट माहीत नव्हतं. ठाण्यात या मुलांसाठी एक शिबिर होतं, तिथे जनुकांच्या आजारांवर काम करणाऱ्या डॉक्टर मॅडम आल्या होत्या. त्यांनी पालकांना फळ्यावर काढून दाखवलं. बाईकडे एक्स नावाच्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. पुरुषाकडे एकच, आईने दिलेली. बापाकडून त्याला वाय मिळतो, तो इथे उपयोगाचा नाही. बाईच्या एका प्रतीत चूक असली तरी दुसरी सांभाळून घेते. तिला कळतही नाही. तीच चूक मुलाकडे आली की झाकायला काही नाही.

मागच्या रांगेतला एक बाप म्हणाला, "म्हणजे पुरुष कमजोर?"

"एकच प्रत असलेला म्हणा," मॅडम म्हणाल्या. "फाटली तर बदली नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरू शकलो नाही. निसर्ग घातक बदल पिढ्यांमधून काढून टाकत असतो. पण जे दिसतं तेच त्याला काढता येतं. बाईतली ही चूक त्याला दिसत नाही, ती आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे निवांत जात राहते. मुलात ती उघडी पडते. तो मुलगा मोठा होऊन बाप होत नाही, आणि त्याच्यापुरती ती चूक तिथे संपते. "या एक्सवरच्या दोषांची सफाई होते ती जास्त करून मुलग्यांमधून," त्या म्हणाल्या. "दोष गाळला जातो, पण मुलगा जातो तेव्हा." आणि गाळून झालं असंही नाही, कारण नव्या चुका होतच राहतात. कधी आईत काही नसतं, मुलातच पहिल्यांदा होते.

पालक वह्यांत लिहून घेत होते. मी मागे उभा होतो. "गाळला जातो" हे शब्द ऐकल्यावर मला अवधूत दिसला, वर्तकनगरच्या कॉलनीत, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, खुर्चीवर.

अवधूत माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. आम्ही खाली क्रिकेट खेळायचो, तो वरून अंपायर असायचा. मला हमखास आउट द्यायचा. "रव्या, आउट. पाय आडवा होता."

"अरे, बॉल लागला पण नाही."

"वरून दिसतं मला. चल, बॅट दे."

पोरं त्याचं ऐकायची. एकदा चिडून मी वर गेलो आणि म्हटलं, तू खाली येऊन खेळ मग कळेल. तो म्हणाला, "तू खेळतोयस ना माझ्या वाटचं. नीट खेळ." चेष्टेत म्हणाला असेल. तो अठराव्या वर्षी गेला. मी आजही चालताना कधी पायात जोर आहे हे जाणवलं की मला ते वाक्य ऐकू येतं. आईकडे दोन प्रती होत्या, एक धड आणि एक चुकलेली. मला धड मिळाली. त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं, आणि दोषही नव्हता, हे मला डोक्याने कळतं. पण गुन्हाच नसला तर माफी कुणाकडे मागायची? मी या धंद्यात आलो तो यामुळेच. लोकांना वाटतं, भावावरच्या प्रेमापोटी. प्रेम होतंच. पण जास्त होतं ते ओझं.

ओझं असलेला माणूस सगळीकडे आपलीच गोष्ट बघतो. खाडीकाठच्या एका कोळी घरातली भारती मुलाला घेऊन आली, सोबत तिची आई. मी विचारलं, सख्खे मामा किती? भारती म्हणाली, "तीन होते. आता एक पण नाही." मी मान डोलावली. माझा चेहरा पडला असणार. मी तिला हळू आवाजात समजावू लागलो की हे आईकडून येतं, यात तुमचा दोष नाही.

म्हातारीने मला थांबवलं. "गप रं जरा. माजं तीन पोरगं. एक खाडीन बुरला, दोगांना दारूनी नेला. तिघं घोड्यावानी धावायचं. तुज्या त्या एक्सनी नाय नेलं त्यांना. माज्या पोरीच्या माथी नको मारू."

मी माफी मागितली. पुढे भारतीची तपासणी झाली, तिच्यात काही नव्हतं. चूक मुलातच नव्याने झाली होती. मी म्हातारीला तसं सांगितलं तेव्हा तिने नातवाला जवळ ओढलं. मग म्हणाली, "म्हंजी आमच्या पोरापासना सुरू. त्याला दुसरं घर नाय भेटलं का रं?"

भाऊ गेला म्हणजे बहिणीत असणारच असं नसतं, हे मी असं दुसऱ्यांच्या घरांत शिकत होतो. स्वतःच्या बहिणीला मात्र मी कधी काही विचारलं नाही. ताई शाळेत शिक्षिका होती. प्राजक्ता झाल्यावर तिने दुसरं मूल होऊ दिलं नाही. "नोकरी आहे, एक पुरे," असं ती सांगायची. आम्हीही तेच धरून चाललो.

मग एका रविवारी प्राजक्ता दुकानात आली. माझ्या हातातला साचा काढून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "मामा, तू आईला सांग ना. माझं ऐकत नाही ती."

"तुझंच रक्त तपास की."

"डॉक्टर म्हणाल्या, नुसत्या माझ्यावरून खात्रीने सांगता येणार नाही. अवधूतमामाचं काही शिल्लक नाही, आजी नाही. तुझं आणि आईचं लागेल."

"माझं कशाला? मी तर धडधाकट आहे."

"म्हणूनच. तुझ्याकडे आजीची चांगली प्रत आहे. आईकडे तीच आली असेल तर सुटलो सगळे. दोघांची जुळवून बघणार."

इतकी वर्षं इतक्या आयांना मी मामांबद्दल विचारत होतो. जिवंत मामाच्या रक्तातून उत्तर मिळू शकतं, आणि तो मामा मी आहे, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

मी ताईकडे गेलो. ती कोथिंबीर निवडत होती.

"ताई, एक सुई टोचायची आहे फक्त."

"मला सुईची भीती वाटते असं वाटतं तुला?"

"मग काय अडलंय?"

"आहे म्हणाले, तर मी माझ्या पोरीला दिलं असेल असं झालं."

"आणि नाही म्हणाले तर?"

ती काड्या बाजूला करत राहिली. "नाही म्हणाले तर... तुला नाही कळायचं रवी."

"अगं, नाही म्हणाले तर आनंदच की."

"चहा घेणार का?" असं म्हणून ती उठली. मी चहा घेतला आणि कोपरला माझ्या घरी आलो. प्राजक्ताला फोन करून म्हटलं, तुझी आई हट्टी आहे, जरा वेळ दे. मला खरंच तेवढंच वाटलं होतं.

ताई बधली ती वेगळ्याच गोष्टीने. एकदा जेवताना प्राजक्ता सहज बोलली, "जाऊ दे आई. आम्ही ठरवलंय, मूलच नको. उगाच जोखीम कशाला?" ताईने ताटातला घास तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला तिचा फोन आला. "कधी जायचं रक्ताला?"

आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो होतो. ताई तिथल्या मुलीला म्हणाली, "आधी याचं घ्या. लहानपणी सुई बघितली की पळायचा. आमच्या धाकट्याला हसू यायचं याचं." अवधूतचं नाव घेतलं नाही, पण त्याचा उल्लेख तिच्या तोंडून मी कित्येक वर्षांनी ऐकला.

निकाल सांगायला मॅडमनी तिघांनाही बोलावलं. मी त्यांना शिबिरात ऐकलं होतं, त्यांना मी आठवत नव्हतो. त्या ताईला म्हणाल्या, "तुम्हा दोघा भावाबहिणीला आईकडून एकच प्रत आलीय, चांगली. तुमच्या जनुकाची वेगळी पूर्ण तपासणीही केली, त्यातही काही नाही. शंभर टक्के हा शब्द आम्ही वापरत नाही. पण मुलीला सांगा, निर्धास्त राहा."

प्राजक्ता रडायला लागली. आधी आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. ताई तिच्या पाठीवर हात फिरवत "बरं झालं, बरं झालं," म्हणत होती. तिने मॅडमना नमस्कार केला, निकालाचं पाकीट पर्समध्ये ठेवलं, छत्री विसरली नाही. मी मनात अवधूतला म्हटलं, बघ, तुझ्याबरोबर ते गेलं, पुढे कुणाला नाही. हे त्याला सांगताना मला लाजही वाटली. गाळला गेलेल्याला गाळण्याचा फायदा काय सांगायचा?

घरी येताना प्राजक्ताने पेढे घेतले. ताईने बशा काढल्या आणि मजल्यावरच्या घरांत स्वतः देऊन आली. "कुणी विचारलं तर तुला बढती मिळाली सांग," असं तिने लेकीला बजावलं. मग प्राजक्ता तिच्या घरी गेली, भावोजी फिरायला बाहेर पडले. घरात आम्ही दोघंच उरलो. मी दुसरा पेढा उचलला.

ताई समोर बसली आणि म्हणाली, "प्राजक्ता चार वर्षांची असताना मला दिवस गेले होते."

मी पेढा खाली ठेवला.

"तुझ्या भावोजींना माहीत होतं. ते म्हणाले, तुझी मर्जी. मला ठरवता येईना. म्हटलं, रवीला विचारू, त्याला या आजारातलं कळतं. म्हणून मी कल्याणला आले होते. खंडेनवमी होती, तुझ्या नव्या दुकानाची पहिली."

ती खंडेनवमी मला लख्ख आठवते. हत्यारांना झेंडू वाहिले होते. त्याच दिवशी एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा कॅलिपर न्यायला आला होता. माझ्या हातचं, मी एकट्याने पूर्ण केलेलं ते पहिलं मोठं काम. तो वर्षभर उभा राहिला नव्हता. मी त्याला दांड्यांमध्ये उभा केला आणि तो उभा राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताई दारात होती. मी तिला ओरडून म्हटलं होतं, "ताई, बघ, उभा केला." माझ्या कामातला सर्वांत सुखाचा दिवस कोणता, असं कुणी विचारलं असतं तर आजवर मी तो दिवस सांगितला असता.

"तू माझ्याकडे बघून हसत होतास," ताई म्हणाली. "मी त्याच्या आईकडे बघत होते. ती पण टाळ्या वाजवत होती. अवधूतसाठी आपली आई वाजवायची तशी. प्रसाद न घेताच निघाले. तिथून परस्पर डॉक्टरणीकडे गेले आणि दोन दिवसांनी पिशवी धुवून घेतली."

"मला विचारायचं होतंस, ताई."

"विचारणारच होते. तू इतका खूश होतास की मध्ये कसं बोलू तेच कळेना." तिने पेढ्यांची बशी बाजूला सरकवली. "विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या दिवशी तिला त्याचा उपयोगही झाला असता कदाचित. पण त्या वयात मला जे माहीत होतं, आणि जे माहीत नव्हतं, त्यावरून मी काय सांगितलं असतं यात शंका नव्हती.

"नको म्हटलं असतं," मी म्हणालो. "कशाला जोखीम घेतेस, म्हटलं असतं."

"हं," ताई म्हणाली. "मला तसंच वाटलं होतं."

पंखा फिरत होता. ती हाताने सोफ्याच्या खोळीवरची घडी सरळ करत राहिली. "मुलगा होता की मुलगी, मी विचारलं नाही. इतकी वर्षं मनाला समजावत आले, मुलगा असता तर अवधूतसारखा हाल होऊन गेला असता, मी त्याला सोडवलं. आता तेही म्हणता येणार नाही. जे कोण होतं ते आपल्या पायांनी शाळेत गेलं असतं, रवी."

मी तिच्याजवळ जाऊन बसावं की नाही, ते मला ठरवता येईना. रोज परक्या आयांची पोरं हातांनी उचलून उभी करतो मी, आणि बहिणीच्या खांद्यावर हात ठेवायला तो हात उचलत नव्हता.

दारावरची बेल वाजली. शेजारच्या कुलकर्णीबाई बशी परत करायला आल्या होत्या. रिकामी देऊ नये म्हणून तीत साखर घातली होती.

"पेढे छान होते हो," त्या म्हणाल्या. "बढती झाली म्हणे प्राजक्ताची. आता नातवंडाचे पेढे कधी देताय? आजी व्हायची तयारी करा."

"करते की," ताई बशी हातात घेत म्हणाली. "तुम्हालाच बोलवणार बारशाच्या डाळिंब्या सोलायला."

दोघी हसल्या. ताईचा आवाज अगदी नेहमीचा होता. याच आवाजात ती इतकी वर्षं माझ्याशी बोलत आली होती, आणि मला त्यात कधी काही ऐकू आलं नव्हतं.